पडलेल्या झाडांचे पुढे काय होते?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

चक्रीवादळ म्हटले की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे ओडिशा येते, आंध्र येते, फार तर बंगाल. आपल्याकडे पाऊस असतो, पाणी तुंबते, लोकल बंद पडते. पण वादळ हे पूर्व किनाऱ्याचे दुखणे, अशी आपली जुनी समजूत. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळाने ती मोडली. वादळाचा मध्य तेव्हा मुंबईपासून सुमारे दीडशे किलोमीटर दूर, भर समुद्रात होता. तरीही कुलाब्याला वाऱ्याच्या झोतांनी ताशी शंभर किलोमीटरचा वेग ओलांडला आणि सांताक्रूझला चोवीस तासांत २३० मिलिमीटर पाऊस झाला, तोही मे महिन्यात. शहर आणि उपनगरे मिळून दोन हजारांहून अधिक झाडे पडली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमच्या मुलुंडमध्ये करवतींचा आवाज सुरू झाला आणि चार-पाच दिवसांत रस्ते मोकळेही झाले. जिथे झाडे होती तिथे पुढे काय होणार, हे मात्र कोणी बोलत नव्हते.

मुंबईला वादळे नवी नाहीत. नोव्हेंबर १८५४ मध्ये एक मोठे वादळ येऊन गेले. त्यानंतरचे मोठे नोव्हेंबर १९४८ चे. स्वातंत्र्य मिळून जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. घरोघरी आजी-आजोबांच्या बोलण्यात 'ते वादळ' म्हणून त्याचा उल्लेख अनेक वर्षे येत असे. जाता जाता एक गंमत सांगतो. ६ जून १८८२ रोजी मुंबईत वादळाने लाखभर माणसे मेली, असे कितीतरी पुस्तकांत छापले आहे. अभ्यासकांनी शोध घेतला तेव्हा त्या काळच्या कागदपत्रांत असे वादळ सापडलेच नाही. लाख माणसे गेली असती तर कोणी ना कोणी लिहून ठेवले असतेच. एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात उतरत गेलेले हे वादळ आहे.

वादळाच्या नोंदींत माणसांची संख्या असते, बुडालेल्या बोटींची असते, उडालेल्या पत्र्यांची असते. अलीकडे पडलेल्या झाडांचीही असते. पण त्या झाडांच्या जागी दहा वर्षांनी काय उगवले, याची नोंद क्वचितच कोणी ठेवतो. मला त्याविषयी बोलायचे आहे. झाड पडले की आपल्याला एकच उपाय सुचतो, तो म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर वृक्षारोपण. एक खड्डा, एक रोप, एक छायाचित्र. डोंगरावरचे रान, रस्त्याकडेचे झाड, खाडीतले तिवर आणि कोकणातली वाडी या चारही ठिकाणी वादळाची जखम वेगळी असते आणि ती भरून येण्याची रीतही वेगळी असते.

आधी रान पाहू. बोरिवली, मुलुंड आणि ठाणे यांच्या मधोमध सुमारे शंभर चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. पुष्कळांना वाटते की हे आदिम जंगल आहे, मुंबई वसली आणि ते तेवढे शिल्लक राहिले. इतिहास तसा नाही. याच डोंगरात कान्हेरीला हजार-बाराशे वर्षे माणसांचा राबता होता. शंभराहून अधिक लेणी आणि जवळपास प्रत्येक लेण्याच्या दारात पाण्याची पोढी, म्हणजे तिथे केवढी वस्ती असेल, याचा अंदाज करा. पुढे मुंबई बेट वाढू लागले तसे साष्टीच्या डोंगरांतून सरपण, कोळसा आणि घरांसाठी लाकूड खाली उतरत राहिले. आज आपण हिरवेगार पाहतो त्यातला मोठा भाग पुन्हा वाढलेला आहे.

तो पुन्हा वाढला कसा? वृक्षारोपणाने नव्हे, तर पाण्याच्या चिंतेने. १८५४ च्या उन्हाळ्यात मुंबईच्या विहिरी आटल्या आणि शहराला पाणी बाहेरून आणावे लागले. त्यानंतर विहार तलावाचे काम १८५६ मध्ये सुरू होऊन १८६० मध्ये पुरे झाले. त्याच्यावरच्या अंगाला तुळशी तलाव १८७९ मध्ये झाला. पिण्याचे पाणी गढूळ होऊ नये म्हणून तलावांभोवतालचे पाणलोट राखणे आले. तिथे तोड नको, गुरे नकोत, वस्ती नको. जंगल राखावे असा त्या इंजिनिअरांचा हेतू होता, असे मी म्हणणार नाही. त्यांना स्वच्छ पाणी हवे होते. पण डोंगरावरून कुऱ्हाड आणि गुरे दूर राहिली आणि खुंटांना फुटवे आले. १९५० मध्ये मुंबई राज्याने राष्ट्रीय उद्यानाचा कायदा केला, आसपासची राखीव वने हळूहळू जोडली गेली आणि १९८१ मध्ये उद्यानाला आजचे नाव मिळाले. पुढे अतिक्रमणांवरून १९९५ मध्ये उच्च न्यायालयात याचिका झाली, १९९७ मध्ये आदेश निघाला आणि हजारो झोपड्या हलवल्या गेल्या. त्यांतल्या अनेक कुटुंबांना पुढे चांदिवलीच्या संघर्षनगरात घरे मिळाली. रान राखण्याची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न या इतिहासात आहेच आणि तो टाळू नये.

आता वादळ अशा रानात शिरते तेव्हा काय होते ते पाहू. उद्यानातले रान बहुतेक पानझडीचे. साग, ऐन, हेद, कळम, सावर, पळस, पांगारा. मेच्या मध्याला यांतली बरीच झाडे उघडी असतात किंवा नुकती पालवत असतात. वाऱ्याला धरायला पानांचे शीडच नसते. त्याच दिवसांत शहरातला गुलमोहर फुलांनी डवरलेला आणि वर्षावृक्ष पानांनी भरलेला असतो. म्हणून तौक्तेसारखे मे महिन्यातले वादळ रानाला एका परीने सौम्य आणि रस्त्याला कठोर. १९४८ चे वादळ नोव्हेंबरचे. तेव्हा रान भर पानात असते, पावसाळ्याने जमीनही मऊ असते. वादळाची तारीख ही अशी महत्त्वाची असते.

रानात झाड पडते तेव्हा वरच्या छपराला भोक पडते आणि उन्हाचा कवडसा प्रथमच जमिनीपर्यंत पोचतो. वर्षानुवर्षे सावलीत खुरटून बसलेली रोपे ताणून उठतात. मोडलेल्या सागाच्या, पळसाच्या खुंटाला एकाच पावसाळ्यात पुरुषभर उंचीचे फुटवे येतात. उन्मळून आडवे झालेले झाडही लगेच मरत नाही. निम्मी मुळे मातीत असली तर खोडाच्या वरच्या अंगाने कोंब सरळ आकाशाकडे निघतात. मेलेल्या ओंडक्यात वाळवी, भुंगेरे आणि अळंबी शिरतात, त्यांच्यामागे सुतार पक्षी येतो. उतारावर आडवा पडलेला ओंडका पावसात धुपून जाणारी माती अडवतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानातून पडलेले लाकूडही व्यापारासाठी बाहेर नेता येत नाही. 'एवढे लाकूड कुजते आहे, विकले तर काय बिघडले?' असे विचारणारे सुशिक्षित गृहस्थ मला फिरायला जाताना भेटतात. त्यांचा हिशेब चुकतो असे नाही. तो फक्त लाकडाचा असतो, मातीचा नसतो.

इंग्लंडला हा धडा १९८७ मध्ये महागात मिळाला. १५ ऑक्टोबरच्या रात्री सुटलेल्या वादळाने दक्षिण इंग्लंडमध्ये सुमारे दीड कोटी झाडे पडली. लोकांनी लगोलग यंत्रे लावून जमीन साफ केली आणि नवी रोपे लावली. केंट परगण्यातल्या टॉइज हिल या टेकडीवर मात्र रानाचा एक भाग तसाच सोडून दिला होता. काही वर्षांनी तिथे बर्च आणि बीच आपणहून दाटीने उगवले. उलट इतर अनेक ठिकाणी अवजड यंत्रांच्या चाकांखाली जमीन दाबली गेली, उगवू पाहणारी रोपे चिरडली गेली आणि वादळापेक्षा साफसफाईनेच अधिक नुकसान केले, असे तिथल्या वनतज्ज्ञांनी नंतर म्हटले.

पण 'रानाला सोडून द्या' एवढेच म्हणून आपल्याकडे भागत नाही, कारण आपल्याकडे रानमोडी आहे. नावच पाहा! परदेशातून आलेले हे झुडूप आणि त्याची जोडीदार घाणेरी ऊन मिळाले की देशी रोपांच्या आधी उठतात आणि सगळी मोकळी जागा व्यापून टाकतात. वादळाने पाडलेल्या प्रत्येक भोकात कारवी आणि रानमोडी यांची शर्यत लागते. कारवी ही आपल्या सह्याद्रीची. तिच्या काठ्यांच्या कुडाची घरे वारली पाड्यांत पिढ्यान् पिढ्या उभी राहिली. तिची मुळे उतारावरची माती धरून ठेवतात. आठ वर्षांनी एकदा ती फुलते. उद्यानात २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली. म्हणजे बी टाकण्याची संधी तिला आठ वर्षांतून एकदाच मिळते, रानमोडीला दरवर्षी. वाळलेल्या फांद्यांमुळे उन्हाळ्यात वणव्याची भीती वाढते, ती वेगळीच. तेव्हा वादळानंतरची पहिली तीन-चार वर्षे रानमोडी मुळासकट उपटणे, होळीच्या आधी जाळरेषा काढणे आणि गुरे-बकऱ्या आत येऊ न देणे, हीच खरी कामे. ती करणाऱ्या वनमजुरांची छायाचित्रे कुठे छापून येत नाहीत.

आता रस्त्यावर येऊ. शहरातले झाड पडले की आपण गुलमोहराला दोष देतो. तो परका, मादागास्करचा. भारतात तो प्रथम १८४० च्या सुमारास आपल्या शिवडीत दिसल्याची नोंद आहे. त्याचे लाकूड ठिसूळ आणि मुळे उथळ, हे खरेच. म्हणून आता देशीच झाडे लावा, ताम्हण लावा, बकुळ लावा, असे म्हणतात. लावावीतच. पण तौक्तेनंतर आमच्या भागात पडलेली झाडे मी हिंडून पाहिली, तेव्हा त्यांत पिंपळ होता, आंबाही होता. बहुतेकांच्या बुडाशी एकच गोष्ट दिसत होती. एका बाजूने गटारासाठी किंवा केबलसाठी चर खणून मुळे तोडलेली, दुसऱ्या बाजूने बुंध्याला खेटून पेव्हर ब्लॉक आणि सिमेंट. वर फांद्यांची छाटणी एकाच अंगाने, कारण त्या अंगाला तारा किंवा कुणाची तरी बाल्कनी. असे झाड वादळापूर्वीच एका पायावर उभे असते. १९७५ च्या झाडांच्या कायद्याने झाड तोडायला परवानगी लागते. मुळे तोडली जातात ती मात्र रस्त्याच्या कामात सहज खपून जातात.

लंडनजवळच्या क्यू उद्यानात याविषयी एक नामी गोष्ट घडली. १७९८ मध्ये लावलेला टर्नरचा ओक तिथे आहे. १९८७ च्या वादळापूर्वी तो आजारीच होता. त्या रात्री वाऱ्याने तो मुळांसकट उचलला आणि पुन्हा त्याच खड्ड्यात आपटला. शेकडो झाडे पडली होती, म्हणून याला टेकू देऊन ठेवला. सवड मिळाली की तोडू, असा विचार. तीन वर्षांनी पाहतात तो काय, ओक टवटवीत! उलगडा असा झाला, की लोकांच्या पायांखाली मुळांवरची माती दगडासारखी दाबली गेली होती. वादळाने ती हलवून मोकळी केली आणि मुळांना हवा-पाणी मिळाले. तेव्हापासून तिथे जुन्या झाडांच्या बुडाची माती दाबाने हवा सोडून मोकळी करतात. अंधेरी-घाटकोपरच्या पदपथांवरच्या झाडांना असले यंत्र नसले तरी चालेल. बुंध्याभोवती तीन-चार फूट उघडी माती ठेवली तरी पुष्कळ झाले. पडलेल्या झाडाच्या जागी दोन फूट काँक्रीटच्या चौकटीत नवे रोप लावणे म्हणजे पुढच्या वादळाची तयारी करणे होय.

वादळानंतर बाग पुन्हा उभी करण्याचे आपल्या देशातले मोठे जुने उदाहरण कोलकात्याजवळच्या शिवपूरच्या वनस्पती उद्यानाचे. १८६४ आणि १८६७ अशा दोन वादळांनी ते जवळजवळ उघडे केले. १८७१ मध्ये डॉ. जॉर्ज किंग प्रमुख झाले आणि त्यांनी पडलेल्याच्या जागी तेच लावत न बसता सगळ्या बागेची आखणीच नव्याने केली. तिथला प्रसिद्ध वड दोन्ही वादळांत जखमी झाला, त्याच जखमांतून बुरशी शिरून त्याचे मूळ खोड अखेर १९२५ मध्ये काढावे लागले. पण तोवर पारंब्यांचे खांब इतके झाले होते, की वड तसाच उभा राहिला. शहराची झाडे ही अशी मांडणीची गोष्ट आहे. तिथे माणसाने विचार करून लावावेच लागते.

खाडीकाठच्या तिवरांचे थोडक्यात सांगतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या पुरानंतर मिठीच्या तोंडच्या आणि खाड्यांच्या कडेच्या तिवरांचे मोल शहराला कळले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाने कांदळवनाला संरक्षण देणारा आदेश दिला. विक्रोळी-घाटकोपरपासून चारकोप-गोराईपर्यंतची ही राने वादळाचा मार पहिल्यांदा झेलतात. त्यांना पुन्हा उभे राहायला रोपांपेक्षा भरती-ओहोटीचा मोकळा मार्ग लागतो. बी पाण्याबरोबर आपणच येते. भराव टाकून ओहोळ बुजवला किंवा वादळाने आणून टाकलेले प्लॅस्टिक श्वसनमुळांवर तसेच राहिले, तर हजार रोपे लावूनही उपयोग होत नाही.

उरली वाडी. विषय उपनगरांचा, मग कोकण मध्येच का, असे तुम्हाला वाटेल. पण बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या चाळींत आणि सोसायट्यांत दर दोन-चार घरांआड एकाचे गाव रायगड-रत्नागिरीत आहे. ३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा मुंबई थोडक्यात वाचली म्हणून आपण सुटकेचा श्वास टाकला; आणि त्याच वेळी आपल्यातले कितीतरी जण बंद पडलेले फोन पुन्हा पुन्हा लावत होते. माझ्या मावसभावाची वाडी श्रीवर्धन तालुक्यात आहे. चौथ्या दिवशी फोन लागला. तो एवढेच म्हणाला, "दादा, घरातून समुद्र दिसतोय." तीन पिढ्यांत त्या घरातून समुद्र कधी दिसला नव्हता.

वाडी हे माणसाने लावलेले रानच आहे. वर माड, त्याखाली पोफळी, पोफळीवर चढवलेली मिरी, मध्ये जायफळ आणि केळी, आणि सगळ्यांना पाटाचे पाणी. रानासारखी ती आपणहून परत येत नाही. माड आणि पोफळ यांना वाढीचा डोळा एकच, शेंड्याला. शेंडा मोडला की झाड संपले, खुंटाला फुटवा नाही. आंब्याचे तसे नाही. कलम उन्मळले असले तरी फांद्या छाटून, उभे करून, मुळांवर माती ओढून आणि जखमांना बोर्डो पेस्ट लावून ते जगवता येते. कृषी विद्यापीठाने तेव्हा हेच सांगितले होते आणि ज्यांना माणसे मिळाली त्यांनी ते केलेही. पण कोरोनाचे दिवस, मजूर गावी परतलेले, वाडीच्या अरुंद वाटांत यंत्र शिरत नाही. पडलेले माड कापून बाहेर काढायलाच कित्येकांचा तो पावसाळा गेला.

भरपाई आली ती आधी हेक्टरावर मोजून. कोकणातली वाडी गुंठ्यांत असते आणि तिच्यात अनेक भावांची नावे असतात. हातात किती येणार? ओरड झाली तेव्हा झाडामागे रक्कम ठरली, माडाला अडीचशे रुपये आणि पोफळीला पन्नास. नवी पोफळ पाच-सहा वर्षांनी धरते, माडाला त्याहूनही वेळ लागतो. मधल्या वर्षांचे काय, हे त्या पन्नास रुपयांत बसत नाही. रोजगार हमीतून पुन्हा लागवडीला मदत मिळाली, त्याचा उपयोग झाला, हेही सांगायला हवे. पण पुष्कळांनी तोवर सड्यावरची जमीन विकून टाकली, आणि काही वाड्यांच्या जागी पर्यटकांसाठी खोल्या झाल्या. त्यांना नावे ठेवणे आपल्याला मुंबईत बसून सोपे आहे.

नवी पोफळ लावण्यातही एक अडचण होती, तिचा विचार वृक्षारोपणवाल्यांच्या मनात येणार नाही. कोवळ्या पोफळीला थेट ऊन सोसत नाही, खोड करपते. तिला सावली हवी, आणि सावली देणारे माडच पडलेले! जुन्या लोकांना उपाय ठाऊक होता. आधी केळी लावायची. केळ वर्षाच्या आत वाढते, सावली धरते, घडाचे चार पैसेही देते. तिच्या आडोशाला पोफळीचे रोप. मावसभावाने तेच केले. पाटाच्या दक्षिणेला केळीच्या दोन ओळी, मध्ये पोफळी, आणि कडेला माडाची रोपे. गेल्या खेपेला गेलो तेव्हा तो केळी काढून टाकत होता. पोफळी त्याच्या डोक्याच्या वर गेल्या होत्या. घरातून समुद्र अजून दिसतो, पण ओटीवर बसले तर नाही, उभे राहिले तर.